पिवळ्या खुणेचा उंदीर

विनया आष्टेकरला दुसऱ्याचं चांगलं झालेलं बघवत नाही, हे निदान तिच्या धाकट्या बहिणीनं लहानपणीच करून ठेवलं होतं, आणि ते चुकीचं नव्हतं. बहिणीला शाळेत बक्षीस मिळालं की विनयाचं डोकं दुखायचं. अगदी खरोखर दुखायचं, रुमाल बांधून पडून राहायची. मामेबहिणीचं लग्न ठरलं तेव्हा तर तिला ताप भरला होता. पण एक मात्र होतं. हेवा वाटला म्हणून ती हातावर हात धरून बसत नसे, दुप्पट अभ्यासाला लागे. तासगावच्या शाळामास्तरांची ही मुलगी सांगलीला बी. एस्सी. झाली, कोल्हापूरला एम. एस्सी. झाली आणि तिथून थेट चंदीगढला कर्करोगावर पीएच. डी. करायला निघाली, ती वर्गातल्या एका मुलीला मुंबईत संशोधनाची जागा मिळाली म्हणून. "मी तिच्यापेक्षा लांब जाणार," असं ती घरी म्हणाली म्हणे. एवढं सरळ कारण सांगून पीएच. डी.ला गेलेलं माणूस विरळाच.

वडील घाबरले. साल शहाऐंशी. "अगं, तिकडं अतिरेकी रोज माणसं मारतायत. पेपर वाचतीस का नाही?" तिचं उत्तर तयार होतं, "पंजाबात मारतात, चंदीगढ वेगळं." ते फारसं वेगळं नाही, हे तिला महिनाभरात कळलं. चौकाचौकात वाळूची पोती आणि त्यामागं बंदूक रोखलेला जवान. बसमध्ये चढलं की आधी सीटखाली वाकून बघायचं. अंधार पडायच्या आत सेक्टर बावीसच्या बाजारात दुकानांची शटरं धडाधड खाली यायची, आणि बीजी, म्हणजे विनयाची सरदारीण घरमालकीण, जिन्याचं दार आतून लावून घ्यायची. बाकीच्या शहरासारखी विनयाही सरावली. माणूस कशालाही सरावतं. फक्त शैलजा सबनीसला ती कधी सरावली नाही.

पण शैलजाच्या आधी विनयाचं काम सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

शहरातल्या एका मोठ्या वैद्यकीय संस्थेत डॉ. ग्रोवर मॅडमची लॅब होती. तिथं उंदरांच्या पोटात कर्करोगाच्या पेशी वाढवत. पोट पाण्यानं भरून टम्म फुगलं की त्यातलं थोडं पाणी सुईनं काढायचं आणि नव्या, धडधाकट उंदराच्या पोटात टोचायचं. आठ-दहा दिवसांनी त्याच्यातून काढून तिसऱ्याला. जुना उंदीर मरतो, पेशी पुढं चालत राहतात. अशा पेशींना लॅबमध्ये सगळे 'लाइन' म्हणत. वेळेवर टोचलं नाही तर उंदीर मरतो आणि त्याच्याबरोबर लाइनही संपते. मोठ्या प्रयोगशाळांत पेशी गोठवून ठेवतात. इथंही तशी सोय होती, पण गोठवायचा द्रव नायट्रोजन ट्रकनं बाहेरून यायचा, आणि रोजच्या बंदमुळं ट्रक यायचेच बंद झाले होते. तेव्हा जे काही होतं ते उंदरांच्या पोटातच होतं.

विनयानं काय केलं? कर्करोगावर दिलं जाणारं एक औषध तिनं उंदरांना अगदी थोडं थोडं द्यायला सुरुवात केली. जेवढ्या पेशी त्यातून वाचल्या, तेवढ्या पुढच्या उंदरात टोचल्या. मग औषध जरासं वाढवलं, पुन्हा तेच. असं करता करता दोन वर्षांनी तिच्याकडं अशी लाइन तयार झाली की औषधाला अजिबात दाद देईना. रुग्णांच्या बाबतीतही असंच होतं, पहिल्यांदा औषध लागू पडतं आणि मग पडेनासं होतं. हे का होतं ते या लाइनवरून शोधायचं होतं. साध्या लाइनचे उंदीर औषधानं बरे व्हायचे, विनयाचे औषध देऊनही मरायचे. उंदीर मेला की विनया खूश. या चिवट, मॅडमच्या भाषेत 'रेज़िस्टेंट', लाइनच्या उंदरांच्या डोक्यावर ती पिवळ्या रंगाची खूण करी. सगळा प्रबंध त्या पिवळ्या टाळक्यांवर उभा होता.

आणि मग शैलजा आली.

शैलजाचा नवरा नरेंद्र हवाई दलात होता, बदली होऊन चंदीगढला आलेला. ही नागपूरची, एम. एस्सी.ला पहिली आलेली, गोरीपान आणि बोलकी. पहिल्या दिवशी विनयाचं नाव ऐकल्याबरोबर तिनं सगळ्या लॅबसमोर तिला मिठीच मारली. "अरे, तू मराठी! मी तर इथं हिंदी बोलून बोलून मरून राहिली होती!" विनयालाही बरं वाटलं, हे कबूल केलं पाहिजे. साधारण आठवडाभर वाटलं.

मग एकेक गोष्ट खुपायला लागली. विनया बसची वाट बघत उन्हात उभी, शैलजा जीपमधून उतरतेय. विनयाच्या डब्यात बीजीच्या घरचा कालचा राजमा, शैलजाच्या डब्यात सांबारवडी, म्हणजे नागपुरी कोथिंबिरीची वडी, वर "घे ना, तुझ्यासाठीच केली" हा आग्रह. ती वडी इतकी चांगली असायची की विनयाला ती खाताना राग यायचा. पण खरी मिरची झोंबली ती मॅडममुळं. ग्रोवर मॅडम तोलूनमापून बोलणाऱ्या. दोन वर्षांत त्यांनी विनयाला दोनदा 'गुड' म्हटलं होतं आणि दोन्ही वेळा आनंदाच्या भरात तिला जेवण गेलं नव्हतं. शैलजाला त्या येता-जाता 'व्हेरी गुड' म्हणायच्या. शैलजाचा हातही खरंच हलका होता. एका टोचणीत काम, उंदीर चूं करायचा नाही. विनयाला दोन वर्षांनी जे जमलं ते हिला दोन महिन्यांत जमलं. आणि वर ती विनयालाच म्हणायची, "तुझं बघून बघूनच शिकली मी." यावर माणसानं चिडायचं तरी कसं? विनया तरीही चिडायची, आणि आपण विनाकारण चिडतोय हे कळून आणखी चिडायची.

एक दिवस मॅडमनी सांगितलं, "विनया, शैलजा को अपनी रेज़िस्टेंट लाइन दे दो. वो भी उसपे काम करेगी."

माझी लाइन. दोन वर्षं मी दिवाळी पाहिली नाही, बहिणीच्या साखरपुड्याला गेले नाही, अन् ही जीपमधून येणार आणि तयार उंदीर उचलून नेणार. सहा महिन्यांत ही माझ्यापुढं जाईल, हे तिला आरशात बघितल्यासारखं दिसलं. तोंडानं ती म्हणाली, "येस मॅडम."

लाइन देण्याची तिथली रीत साधी होती. ज्याची लाइन, त्यानं आपल्या हातानं उंदीर काढून द्यायचा. घेणारा तपासत बसत नसे. तपासायला तीन-चार आठवडे जातात, आणि मुख्य म्हणजे तो देणाऱ्याचा अपमान झाला. 'ही अमुक लाइन' असं म्हटलं की ती तीच.

दुसऱ्या दिवशी सकाळी विनया एकटीच उंदीर ठेवायच्या अ‍ॅनिमल हाउसमध्ये गेली. साध्या लाइनचा एक टम्म फुगलेला उंदीर तिनं पिंजऱ्यातून काढला, कापसाचा बोळा पिवळ्या रंगात बुडवला आणि त्याच्या डोक्यावर टेकवला. सांबारवडीपासूनचं सगळं पोटातलं दुखणं एकदम थांबलं. हिचे प्रयोग फसू देत. हिला कळू दे, सगळं वडीसारखं वाटून मिळत नाही. दुपारी तिनं पिंजरा शैलजाच्या हातात दिला. शैलजानं त्या उंदराकडं असं बघितलं जसं कुणी बारशातल्या बाळाकडं बघावं. "विनया, किती मोठ्या मनाची आहेस गं तू," ती म्हणाली.

शैलजानं तो उंदीर जपला, वाढवला, त्यातून बरेच उंदीर तयार केले, तुलनेसाठी साध्या लाइनचेही वेगळे ठेवले. ती घाई करणारी नव्हती. आधी पुरेसे उंदीर, मग औषधाचा प्रयोग, असं तिचं चाललं होतं. विनया वाट बघत होती. तेवढ्यात मे महिन्यात शहरात दिवसाढवळ्या गोळीबार झाला, माणसं मेली आणि दुपारपर्यंत कर्फ्यू लागला.

विनयाचे उंदीर टोचायची वेळ आली होती. खरं तर आदल्या दिवशीच टोचायचे, पण त्या दिवशी बंद होता, बसच मिळाली नव्हती. आज टोचू म्हणून ती आवरून बसली आणि खालून बीजी ओरडली, "पुत्तर, बाहर नहीं जाणा!"

दुसऱ्या दिवशी बीजीकडं फोन वाजला. शैलजा होती. "विनया, ऐक ना. मला नरेंद्रमुळं कर्फ्यूचा पास मिळून राहिलाय, एकटीपुरता. थोड्या वेळासाठी लॅबला जाते. तुझे उंदीर पण करून टाकू का?"

विनयाच्या हातात फोनचा रिसीव्हर होता आणि तोंडात 'हो' आलं होतं. मग तिला पुढचं दिसायला लागलं. मॅडम सगळ्यांना सांगतायत, कर्फ्यूत शैलजानं जिवावर उदार होऊन विनयाचं काम वाचवलं. व्हेरी गुड, शैलजा. आणि आपण जन्मभर तिला थँक्यू म्हणतोय. शिवाय ते गोरे हलके हात आपल्या पिवळ्या टाळक्यांवर फिरतायत.

"नको," ती म्हणाली. "माझं परवाच झालंय."

"पक्का?"

"हो गं, पक्का."

उद्या कर्फ्यू उठेलच, अशी तिनं स्वतःची समजूत घातली. तो उठला नाही. परवाही उठला नाही. सकाळी दुधासाठी थोडी सवलत मिळाली तेव्हा ती सेक्टरच्या कोपऱ्यापर्यंत जवळजवळ पळत गेली. नाक्यावरच्या जवानानं ओळखपत्र पाहिलं, तिच्याकडं पाहिलं. तिनं त्याला कळवळून सगळं सांगितलं. "चूहों के लिए?" त्यानं विचारलं, आणि शेजारच्यालाही ते सांगितलं. दोघं हसले, मग तिला परत पाठवलं. बिचाऱ्यांचंही बरोबर होतं, तिथं माणसांसाठी सोडत नव्हते. घरी येऊन विनया पलंगावर बसून राहिली. बीजी चहा घेऊन वर आली आणि तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "चूहे ही तां ने पुत्तर, होर आ जाणगे." दुसरे येतील! विनया भिंतीकडं तोंड करून रडली.

कर्फ्यू उठल्यावर ती पोचली तेव्हा अ‍ॅनिमल हाउसमध्येच राहून उंदीर सांभाळणाऱ्या बलबीरनं मेलेले उंदीर केव्हाच टाकून दिले होते. नियमाप्रमाणे पिंजरे धुऊन उन्हात पालथे घातले होते. तिचे सगळे पिंजरे, साधी लाइन आणि चिवट लाइन, दोन्हींचे. ती त्या पिंजऱ्यांसमोर कितीतरी वेळ उभी होती. दोन वर्षं गेली होती, आणि ती कुणी अतिरेक्यानं नेली नव्हती की पोलिसांनी. एका 'नको'नं नेली होती.

"विनया!" मागून शैलजा धावत आली. "मला आत्ता कळलं. तू तर म्हणाली होतीस झालंय म्हणून! जाऊ दे, काही गेलं नाही तुझं. हे बघ!" तिनं विनयाचा हात धरून ओढतच तिला आपल्या रांगेपाशी नेलं. पिंजऱ्यांमागून पिंजरे. सगळ्या उंदरांच्या डोक्यावर पिवळी खूण. "तुझीच लाइन आहे ही. तूच दिलेली. घे सगळे. तू दिली नसतीस ना, तर आज खरंच संपलं असतं."

ते उंदीर इकडून तिकडं पळत होते. विनयानं त्यांच्याकडं पाहिलं आणि तिला हसू फुटलं. शैलजाला वाटलं आनंदानं हसतेय. तिनंही डोळे पुसले.

तेव्हाच बोलायला हवं होतं, हे सांगायला कुणा शहाण्याची गरज नाही. विनया बोलली नाही. तिनं निम्मे पिंजरे घेतले, त्यामुळं शैलजाचा औषधाचा प्रयोग पुन्हा लांबला, आणि चोरून पहिल्यापासून सुरुवात केली. थोडं औषध, वाचलेल्या पेशी, पुन्हा थोडं औषध. दोन वर्षांचं काम दोन महिन्यांत होतंय का ते बघत बसली. होत नव्हतं. आणि पावसाळ्याच्या शेवटी मॅडम म्हणाल्या की कर्फ्यूनंतर लाइन एकदा तपासून घेऊ. शैलजाच्या रांगेतले पिवळ्या खुणेचे उंदीर घेतले, सगळ्यांना औषध दिलं. विनयाच्या दोन वर्षांच्या निष्कर्षांप्रमाणे ते मरायला हवे होते. ते मेले नाहीत. पोटं उतरली, केस चकचकीत झाले, दाणे मागायला पुढं येऊ लागले. इतके ठणठणीत उंदीर बघून तोंड उतरलेली माणसं जगात दुसरीकडं सापडायची नाहीत.

मॅडमनी दोघींना खोलीत बोलावलं. आवाज चढवला नाही, त्यांना कधी चढवावाच लागत नसे. "विनया, ये लाइन रेज़िस्टेंट नहीं है. मैं पूछ रही हूँ, कभी थी?"

'कभी थी?' म्हणजे दोन वर्षांचे आकडे तिनं मनानं लिहिले, असं त्या विचारत होत्या. या धंद्यात याहून घाणेरडा प्रश्न नाही. खरं सिद्ध करायला एक तरी उंदीर हवा होता, आणि तो कचऱ्यात गेला होता.

तिनं तोंड उघडायच्या आत शैलजा बोलली. "मॅडम, गलती मेरी है."

विनयानं मान वळवली. शैलजा सांगत होती की कर्फ्यूच्या दिवशी खाली गाडी हॉर्न वाजवत होती, ती घाबरली होती, दोन्ही लाइन एकामागून एक टोचताना साध्या लाइनचीच सुई दोन्हीकडं टोचली गेली असणार. दुसरं कारणच नाही. विनयाची लाइन पक्की होती, ती आपण बिघडवली. ते ती कुणाला वाचवायला बोलत नव्हती. तिला ते खरंच वाटत होतं. चार महिन्यांपूर्वीच्या त्या थोड्या वेळात आपला हात कुठं चुकला असेल, हे ती रात्रंदिवस शोधत असणार. तिचा चेहरा ओढलेला होता, आणि विनयानं तो आत्ता पहिल्यांदा पाहिला.

मॅडमनी समोरची वही मिटली. मग म्हणाल्या, "शैलजा, आय अ‍ॅम व्हेरी डिसअपॉइंटेड. तुम ये प्रोजेक्ट छोड़ दो. उसके दो साल तुमने..." आणि त्यांनी वाक्य अर्धंच सोडलं.

वर्षभर विनयानं जे मागितलं होतं ते तिच्या पुढ्यात येऊन पडलं होतं. शैलजा बाहेर. आपले आकडे खरे. आपल्यावर अन्याय झालेला, सगळ्यांची सहानुभूती. आता फक्त गप्प बसायचं होतं. तिनं शैलजाकडं पाहिलं. शैलजाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण मान ताठ होती. चूक केली तर केली म्हणणारी मान. तशी मान आपल्याला कधी जमली नाही, आणि जमायची नाही, असं विनयाला वाटलं आणि तिच्या पोटात जुना जाळ असा भडकला की आजवरचा सगळा हेवा त्यापुढं काहीच नव्हता. मॅडमचं प्रेम हिचं, जीप हिची, हलका हात हिचा. आता माझं पापसुद्धा हीच घेऊन जाणार? आणि तेही इतक्या ऐटीत?

"तिचं काही चुकलेलं नाही," विनया म्हणाली. मराठीतच म्हणाली, मग तिला भान आलं. "मॅडम, इसने कुछ नहीं किया. मैंने इसको गलत चूहा दिया था. जानबूझ के. रंग मैंने लगाया था."

चांगुलपणानं माणसं खरं बोलतात असं सगळे म्हणतात. विनया हेव्यानं बोलली. पण बोलली.

पुढचं फार वेळ चाललं नाही. मॅडमनी तिला लॅबमधून काढलं नाही. का, ते त्यांनी सांगितलं नाही आणि विनयानं विचारलं नाही. फक्त म्हणाल्या की प्रबंधातलं मागचं एक अक्षर चालणार नाही, पहिल्या उंदरापासून सुरू कर. शैलजा त्या दिवशी जीप यायच्या आधीच खाली जाऊन उन्हात उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी विनया अ‍ॅनिमल हाउसमध्ये गेली. पहिल्यापासून सुरू करायचं म्हणजे साध्या लाइनचा एक उंदीर हवा. तिच्याकडच्या सगळ्या उंदरांवर तिनं चोरून औषध चालवलं होतं, स्वच्छ साधी लाइन आता एकाच माणसाकडं होती. शैलजा पिंजऱ्यांपाशी दाणे घालत होती. विनया तिच्या पाठीमागं उभी राहिली.

"साध्या लाइनचा एक देतेस?" ती म्हणाली.

शैलजानं वळून पाहिलं नाही. एका पिंजऱ्याचं झाकण उघडलं, शेपटीला धरून एक उंदीर अलगद उचलला, रिकाम्या पिंजऱ्यात सोडला आणि तो पिंजरा विनयाच्या हातात दिला. मग हात पुसत म्हणाली, "तपासून घे. मी घेतला नव्हता."